बातमीची वर्गणी

अण्णा बँकेतून आले ते थेट ओसरीवर बसले. जून 2024 चा शेवटचा आठवडा होता. मृगाचा पाऊस होऊन गेला होता आणि सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या आणायच्या म्हणून ते पीएम किसानचे पैसे काढायला शिरूर अनंतपाळला गेले होते. त्यांनी पासबुक माझ्यापुढं धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. वरच्या ओळीत 18 जूनची नोंद, 2,000 रुपये जमा. तिच्या खाली 21 जून, 1,499 रुपये वजा. पुढं इंग्रजी अक्षरांची लांबच लांब रांग, प्रिंटरची शाई संपत आल्यानं फिकी उमटलेली.

"हे कुणाला दिलेत रे?" त्यांनी विचारलं. "बँकेतले साहेब म्हणाले, मोबाइलवरनं गेलेत, लेकाला विचारा. मी कुठं मोबाइल वापरतो?"

ती अक्षरं लावायला मला वेळ लागला नाही. एका इंग्रजी वृत्तपत्राच्या ॲपची ती वर्षाची वर्गणी होती. मीच वर्षापूर्वी घेतलेली, आणि मीच सहा महिन्यांपूर्वी ते ॲप मोबाइलमधून काढून टाकलेलं. अण्णांच्या तोंडावर लगेच सांगायची हिंमत झाली नाही. "बघतो," म्हणालो आणि उठलो. रात्री जेवताना सांगितलं. ते रागावले नाहीत. भाकरी मोडता मोडता एवढंच म्हणाले, "पेपरचे पैसे? पेपर तर तू बंद केलास की."

1,499 रुपयांपेक्षा ते वाक्य जास्त लागलं. त्या वाक्यापर्यंत मी कसा पोचलो, ते सांगायला हे लिहायला घेतलंय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शेत अण्णांच्या नावावर, सात एकर, त्यात सोयाबीन आणि तूर. बातमीला पैसे द्यायचे की नाही, या प्रश्नावर मी गेल्या पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी चुकलो. आधी द्यायला हवे होते तिथं दिले नाहीत, नंतर द्यायला नको होते तिथं दिले.

पहिली चूक 2021 ची. त्या साली सोयाबीनचा भाव कसा चढत गेला, हे लातूरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो महिन्यागणिक सांगेल. आदल्या खरिपातलं आमचं 12 क्विंटल घरात राहिलं होतं. धान्याच्या खोलीत कट्ट्यांची थप्पी होती आणि माय रोज त्यावरची धूळ झटकायची. ऑगस्टच्या सुरुवातीला लातूरच्या मोंढ्यात भाव दहा हजारांच्या घरात गेला. आमच्या आडत्यांनी स्वतः फोन केला. "गुरुजी, 9,700 लावतो, आणून टाका. हा भाव पुन्हा दिसायचा नाही." अण्णा म्हणाले, देऊन टाकू. मी थांबवलं.

मी थांबवलं, कारण व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरत होता. सोयाबीन 12 हजारांवर जाणार, परदेशातलं पीक गेलं, कंपन्यांकडं माल नाही, शेतकऱ्यांनो घाई करू नका. खाली कुणाचं नाव नाही, तारीख नाही. तो मला चार गटांतून आला, म्हणून मला तो चौपट खरा वाटला. शाळेत मुलांना मी शिकवतो की उत्तर लिहिलंस तर रीत दाखव. त्या मजकुराची रीत मी कुणाला विचारली नाही.

त्याच दिवसांत एका मराठी वृत्तपत्राच्या ॲपवर एक मथळा दिसला होता. कोंबडीखाद्य तयार करणाऱ्यांनी सोयापेंडेच्या आयातीची मागणी लावून धरली आहे, केंद्र काय करणार, असा काहीसा. मी बोट लावलं. दोन ओळी दिसल्या, पुढचा मजकूर धूसर, आणि मधे चौकोन: पुढं वाचण्यासाठी सदस्य व्हा, महिना 99 रुपये. मी बाहेर पडलो. बातमीला कशाला पैसे, बातमी तर हवेसारखी सगळीकडं असते, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. 99 रुपयांत तर गाडीत एक लिटर पेट्रोलही येत नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी केंद्रानं 12 लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. नवा माल सप्टेंबरात येणारच होता. सोयाबीनचा दर तेलाइतकाच पेंडेवर ठरतो. बी गाळलं की तेल पाचव्या हिश्श्याच्या आसपास निघतं, बाकी बहुतेक पेंडच असते. पेंड बाहेरून आली की प्लांटवाले हात आखडता घेणार, हे उघड होतं. मात्र ते मला माल विकल्यावर समजलं. दसऱ्याच्या आधी मी तेच 12 क्विंटल 5,600 नं घातलं. आडत्यांनी पट्टी लिहिताना मान वर केली नाही. क्विंटलमागं 4,100, म्हणजे 49,200 रुपये. हा आकडा मी त्या पट्टीच्या मागं पेन्सिलनं लिहिला होता, ती पट्टी अजून कपाटात आहे.

तो लेख पैसे भरून वाचला असता तर मी नक्की विकलं असतं का? छातीठोकपणे सांगता येत नाही. हाव मोठी होती. पण निदान अण्णा आणि मी, दोघांपुढं दोन बाजू आल्या असत्या. माझ्यापुढं एकच बाजू होती आणि ती फुकट मिळालेली होती.

त्या धक्क्यानं मी दुसऱ्या टोकाला गेलो. आता बातमीला पैसे द्यायचेच, असं ठरवलं. हे ठरवताना एक गोष्ट मनाशी विचारायला हवी होती: कुठल्या बातमीला? ती विचारली नाही.

2023 च्या जूनमध्ये मी एका महिन्यात तीन वर्गण्या घेतल्या. एक त्या इंग्रजी वृत्तपत्राची, मुलीसाठी. ती लातूरला राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करते, आणि इंग्रजी पेपर वाचल्याशिवाय काही होत नाही असं मला कुणीतरी सांगितलं होतं. पहिल्या वर्षाला 399 रुपये, म्हणून स्वस्त वाटलं. पुढच्या वर्षापासून 1,499, हे त्याच पडद्यावर खाली बारीक अक्षरांत होतं. मी ते वाचलं होतं. वाचून पुढं गेलो होतो. दुसरी वर्गणी बाजारभाव सांगणाऱ्या एका ॲपची, वर्षाला 600. तिसरी त्या मराठी ॲपची, ज्याचा लेख मी 2021 मध्ये वाचला नव्हता.

आणि एवढा खर्च वाढला म्हणून घरी येणारा कागदी पेपर बंद केला. महिन्याचं बिल 170 रुपये होतं. पेपरवाले मामा पहाटेच्या गाडीनं येणारा गठ्ठा उतरवून घ्यायचे, सायकलच्या कॅरिअरला रबरानं बांधायचे आणि साडेसहाच्या आत आमच्या दारात पेपर पडायचा. मी त्यांना म्हणालो, "मामा, आता मोबाइलवरच वाचतो." ते म्हणाले, "बरं गुरुजी." त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांना हे बऱ्याच दारांत ऐकायला मिळालेलं असणार.

बाजारभावाच्या ॲपचं दोन महिन्यांत लक्षात आलं. लातूर, उदगीर, निलंगा, अहमदपूर, रोजची आवक, किमान दर, कमाल दर, सरासरी दर. हेच आकडे महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोज फुकट टाकले जातात. मी एक आठवडा दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिलं. आकडे तेच होते, ॲपवर रंग चांगले होते. 600 रुपये रंगांचे गेले. ज्याला फुकटची जागा माहीत नाही त्याला त्या सोयीचे पैसे देणं रास्तही असेल. पण मी शिक्षक असून आधी पाहिलं नाही.

इंग्रजी पेपरचं मुलीकडून समजलं, तेही दिवाळीला. मी कौतुकानं विचारलं, "पेपर वाचतीस ना रोज?" ती जरा घुटमळली. "पप्पा, अभ्यासिकेत पेपर येतो. सकाळी आम्ही चौघी मिळून वाचतो, खुणा करतो. मोबाइलवर वाचलं की लक्षात राहत नाही, आणि मोबाइल हातात घेतला की दुसरंच बघणं होतं." मी तिच्यासाठी घेतलं, तिला न विचारता. ती बिचारी पाच महिने बोलली नाही, मला वाईट वाटेल म्हणून.

मग डिसेंबरात मी माझ्या मोबाइलमधून ते इंग्रजी ॲप काढून टाकलं. चिन्हावर बोट दाबून धरलं, काढून टाका म्हणालो, चिन्ह गेलं. मला वाटलं वर्गणीही गेली.

ती जात नाही. बहुतेकांना वाटतं तसं मलाही वाटलं, म्हणून जरा नीट सांगतो. ॲप हे दार आहे आणि वर्गणी हा बँकेशी झालेला वेगळा करार आहे. दार काढलं तरी करार राहतो. पैसे भरताना आपण एकदा पिन टाकतो, तेव्हाच आपण दर वेळेचे पैसे आपोआप कापायची संमती देतो. यूपीआयवर याला ऑटोपे म्हणतात, 2020 पासून ते आहे. ही संमती मोडायची तर आपल्या पैसे पाठवायच्या ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडायची, त्या नावावर जायचं आणि रद्द करून पुन्हा पिन टाकायचा. प्ले स्टोअरवरून वर्गणी घेतली असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनच्या पानावर जाऊन ती थांबवावी लागते. मी यातलं काहीच केलं नव्हतं.

आणखी एक चूक त्याच्या पोटात होती. अण्णांच्या बँक खात्याला माझाच मोबाइल नंबर जोडलेला आहे. आमच्याकडं निम्म्या गावाचं असंच आहे, म्हाताऱ्यांच्या खात्याला लेकाचा नाहीतर नातवाचा नंबर. त्यामुळं माझ्या यूपीआयमध्ये दोन खाती दिसतात. वर्गणी घेताना कुठलं खातं निवडलेलं आहे, हे मी पाहिलं नाही. पहिले 399 अण्णांच्याच खात्यातून गेले होते. त्या वर्षी त्यांनी पासबुक भरलं नव्हतं, म्हणून ते उघड झालं नाही.

रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पैसे आपोआप कापायच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवायचं. 1 ऑक्टोबर 2021 पासून तो कडकपणे लागू झाला. मी रात्री मोबाइलमधले संदेश मागं मागं सरकवत गेलो. 20 जूनला संदेश आलेला होता. रक्कम, तारीख, नाव, सगळं. शाळेच्या ऑनलाइन माहितीचे संदेश, बियाण्याच्या जाहिराती आणि कर्जाच्या आमिषांमध्ये तो न उघडता पडून होता. ग्राहक व्यवहार खात्यानं 30 नोव्हेंबर 2023 ला फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत 13 प्रकार सांगितलेत आणि वर्गणीत अडकवणं हा त्यांतला एक आहे. तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मी तो नंबर लावला नाही. परताव्यासाठी कंपनीला एक पत्र लिहिलं, एकदा नूतनीकरण झाल्यावर पैसे परत देत नाही असं उत्तर आलं, आणि मी थांबलो. मला कुणी अडकवलं नव्हतं. दाराबाहेर पाटी होती, पाटीवर अक्षरं होती, मी ती मनावर घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या खात्यात मी 1,898 रुपये भरले. 1,499 आणि आदल्या वर्षीचे 399. अण्णा म्हणाले, "घरातलेच पैसे घरात कशाला भरतूस?" पण पासबुकावर ती नोंद उमटलेली पाहून त्यांना बरं वाटलं, हे मला दिसलं.

तरीही मी कागदी पेपर सुरू केला नाही. त्याची किंमत पुढच्या हिवाळ्यात मोजली.

2024 च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव 4,892 होता आणि बाजारात 4,100 सुद्धा मुश्किलीनं मिळत होते. हमीभाव केंद्रावर अण्णांच्या नावानं नोंदणी केली. माल 12 टक्के ओलाव्यापर्यंतच घेणार म्हणत होते, पुढं ती मर्यादा 15 टक्के केली. या दोन्ही बातम्या मला मोबाइलवर वेळेत मिळाल्या. मी खूश होतो. जानेवारीत आमचा नंबर लागल्याचा संदेश आला. टेम्पो ठरवला, 30 क्विंटल भरलं आणि मी रजा टाकून अण्णांसह केंद्रावर गेलो.

केंद्राच्या फाटकापासून रस्त्यावर टेम्पो आणि ट्रॅक्टरची रांग. विचारलं तर कळलं, बारदाना नाही. रिकामी पोती संपली, मापं बंद. कधी येतील, सांगता येत नाही. राज्यात त्या महिन्यात बऱ्याच केंद्रांवर हेच झालं होतं. आम्ही ती रात्र तिथंच काढली. अण्णा टेम्पोच्या केबिनमध्ये, मी पोत्यांवर ताडपत्री ओढून. मध्यरात्री थंडी वाढली. अण्णा मला हाक मारून म्हणाले, "खाली ये, मी वर निजतो, तुला उद्या शाळा हाय." 79 वर्षांचा माणूस. मी खाली गेलो नाही, पण डोळ्याला डोळाही लागला नाही.

सकाळी शेजारच्या टेम्पोवाल्यानं चहाबरोबर एक पेपर आणला. जिल्ह्याच्या पानावर, आत, दोन कॉलमांची बातमी. आमच्या तालुक्याच्या नावानं, तालुका वार्ताहराची. या केंद्रावर बारदाना संपल्यानं दोन दिवसांपासून खरेदी ठप्प, शेतकऱ्यांनी चौकशी करूनच माल आणावा. मी तारीख पाहिली. पेपर आदल्या दिवशीचा होता. म्हणजे आम्ही टेम्पो भरत होतो त्या सकाळी ही बातमी 170 रुपये महिन्याच्या पेपरात गावात येऊन पडली होती. माझ्या मोबाइलवर त्याच वेळी तीनपैकी दोन वर्गण्या चालू होत्या. त्यांत देशातल्या सोयाबीन खरेदीचा आढावा होता, आकड्यांसह, उत्तम लिहिलेला. आमच्या केंद्रावरची पोती संपल्याची ओळ त्यात असण्याचं कारण नव्हतं. ती लिहिणारा माणूस तिथं नव्हताच. तो माणूस ज्या पेपराचा होता, तो मी बंद केला होता.

माल परत आणला. टेम्पोचं जाता-येता भाडं गेलं. पुढं मुदत वाढली आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला माप झालं, ते वेगळं.

त्या रात्रीनंतर मी पेपर परत लावायला पेपरवाल्या मामांच्या घरी गेलो. तेव्हा माझी सगळ्यात जुनी चूक समोर आली, जी मी चूक म्हणून कधी मोजलीच नव्हती.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये पेपर येणं बंद झालं होतं. एप्रिलमध्ये तर राज्यात घरोघरी पेपर टाकायलाच काही दिवस मनाई होती. तेव्हा मी एक व्हॉट्सॲप गट काढला. कुठून कुठून येणाऱ्या पेपरांच्या पीडीएफ रोज सकाळी त्यात टाकायच्या. गावातले, शाळेतले, नात्यातले लोक जोडले. तेव्हाची 256 सभासदांची मर्यादा महिन्याभरात भरली. लोक धन्यवाद द्यायचे, मला समाजसेवा केल्यासारखं वाटायचं. लॉकडाऊन उठला, पेपर परत सुरू झाले, पण गट चालूच राहिला. पीडीएफ अशा वाटणं कायद्यात बसत नाही, असं वृत्तपत्रं जाहीरपणे सांगत होती, दिल्ली उच्च न्यायालयात टेलिग्रामविरुद्ध त्याचा दावाही गेला होता. मला वाटायचं, हे मोठ्या कंपन्यांचं भांडण, आपल्या गावातल्या गटाचा त्याच्याशी काय संबंध.

मामांनी त्यांची वही दाखवली. लाल पुठ्ठ्याची, घरागणिक एक ओळ, महिन्यागणिक टिक. "गुरुजी, लॉकडाऊनच्या आधी ह्या दोन पानांत नावं बसत नव्हती. आता बघा." एका पानावर अर्धी नावं होती. निम्म्याहून जास्त नावांवर रेघा. मी ती रेघ मारलेली नावं वाचत गेलो. त्यातली बरीच नावं माझ्या गटात होती. मामांना ते माहीत होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. त्यांनी दाखवलं नाही. गठ्ठा लहान झाला म्हणून त्यांनी दुधाची फेरीही धरली होती.

तालुक्याच्या वार्ताहरालाही आमच्याकडं पगार असा नसतो. जाहिराती आणल्या तर कमिशन, थोडंफार मानधन, बाकी त्याचं दुकान नाहीतर शेती. कागदी पेपर छापायला जितका खर्च येतो तितकी त्याची किंमत कधीच नसते, बाकीचं जाहिरातीतून निघतं, आणि जाहिरात खपावर मिळते. म्हणजे मामांच्या वहीतली एक रेघ ही त्या वार्ताहराच्याही पोटावरची रेघ आहे. बारदान्याची बातमी त्यानं तरीही दिली होती.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आजोबांची गोष्ट काढली. त्यांनी ती पूर्वीही सांगितली होती, मी नीट ऐकली नव्हती. आमचा हा सगळा भाग तेव्हा निजामाच्या बिदर जिल्ह्यात. आ. कृ. वाघमारे पुण्यातून 'मराठवाडा' काढायचे. निजामानं एका नावावर बंदी घातली की ते दुसऱ्या नावानं काढायचे, त्यावर बंदी आली की तिसऱ्या. अंक हातात सापडला तर पोलिसांचा त्रास. आजोबा तो धान्याच्या पोत्यात घालून आणायचे आणि रात्री चार माणसांत वाचायचे, असं अण्णा सांगतात. "त्याचे पैसे सगळे मिळून द्यायचे," अण्णा म्हणाले. "फुकट मागायची लाज वाटायची लोकांना. तिकडं तो माणूस एवढा जीव धोक्यात घालतोय म्हणून."

मी गट बंद केला. शेवटचा संदेश लिहायला मला अख्खी संध्याकाळ लागली. चूक झाली, उद्यापासून पीडीएफ येणार नाही, ज्यांना पेपर हवा त्यांनी मामांकडं नाव द्यावं, एवढंच लिहिलं. पंधरा-वीस लोक त्या रात्रीतच बाहेर पडले. एका नातेवाइकानं फोन करून विचारलं, "काय झालं, नोटीस आली का?" नोटीस आली नव्हती. सात जणांनी पेपर परत लावला. सातच, पण मामांनी सातही नावं मला वाचून दाखवली.

पेपर सुरू झाल्यावर उरला प्रश्न ॲपचा. इंग्रजी गेलं, बाजारभावाचंही गेलं. मराठी ॲप ठेवायचं की नाही? या वेळी अंदाजानं ठरवायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं. शाळेतली एक जुनी शंभर पानी वही घेतली, तीन रकाने आखले. बातमी काय, कुठून मिळाली, तिनं आपलं काय झालं. 2025 चा अख्खा फेब्रुवारी रोज रात्री लिहिलं.

पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या रकान्यानं मला हलवलं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या नोंदी सगळ्यात जास्त, आणि त्यांच्यापुढं तिसरा रकाना जवळजवळ कोरा. टीव्हीचंही तसंच. कागदी पेपरच्या नोंदी कमी, पण त्यांच्यापुढं लिहायला होतं: सोयाबीन खरेदीची मुदत वाढली, शेजाऱ्याला कळवलं. तुरीच्या नोंदणीला लागणारी कागदं, सातबारा काढून ठेवला. आमच्याकडं येणाऱ्या रस्त्याचं काम, दोन दिवस शाळेला दुसऱ्या वाटेनं गेलो. एका मृत्यूची बातमी, अण्णा मातीला जाऊन आले. ही शेवटची नोंद लिहिताना मी थांबलो. अण्णांच्या जुन्या सोबत्याचं गाव साकोळच्या पलीकडं. पेपर नसता तर अण्णांना तेराव्यालाही समजलं नसतं.

ॲपच्या नोंदी महिन्याभरात पाच. त्यांतल्या तीन अशा होत्या की वाचून आनंद झाला, पण काही बदललं नाही. मी त्या कमी लेखत नाही. चांगलं लिहिलेलं वाचण्यासाठीही माणूस पैसे देतो, पुस्तकाला देतोच की. पण ते पैसे वाचनाचे, बातमीचे नव्हेत, हे मनाशी वेगळं ठेवायला हवं. उरलेल्या दोन शेतीच्या. आणि मग 30 मेला तिसरी आली. केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 वर आणलं. आदल्या सप्टेंबरात तेच शून्यावरून 20 वर नेलं होतं. पेपरात चार ओळी होत्या. ॲपवर सविस्तर होतं: तेल स्वस्तात बाहेरून आलं तर देशातल्या सोयाबीनच्या गाळपावर काय होईल, पेंडेचा भाव आधीच का पडलाय, येत्या हंगामात हमीभावाच्या वर दर जाण्याची आशा कितपत. खाली लिहिणाऱ्याचं नाव होतं, आकडे कुठले ते होतं. मी ते अण्णांना पूर्ण वाचून दाखवलं. 2021 मध्ये धूसर चौकोनाच्या मागं राहिलं होतं ते याच जातीचं लिखाण होतं. पेरणीत आम्ही सोयाबीनमधल्या तुरीच्या ओळी वाढवल्या.

रॉयटर्स इन्स्टिट्यूटचा 2024 चा अहवाल सांगतो की 20 श्रीमंत देशांत शंभरातले सरासरी 17 लोक ऑनलाइन बातमीला पैसे देतात आणि नॉर्वेत 40. नॉर्वेविषयी वाचताना एक गोष्ट मनात राहिली, तिथं माणसं आपल्या गावाच्या पेपरचीही वर्गणी भरतात. आमच्या गावाचं असं ॲप नाही. आमच्या गावाची बातमी अजून सायकलवरून येते.

मराठी ॲप मी ठेवलं आहे, पण वर्षाचं नाही, महिन्याचं, आणि ऑटोपे काढून टाकलं आहे. दर महिन्याला हातानं भरायचं. खातं माझं, पगाराचं. भिंतीवरच्या कालनिर्णयावर 14 तारखेला लाल पेनानं गोल केलेला असतो. त्या रात्री वही उघडायची, महिन्याच्या नोंदी पाहायच्या आणि मग भरायचे की नाही ते ठरवायचं. मंडळी म्हणते, एवढ्याशा पैशासाठी एवढी उस्तवार. असू दे.

अण्णांचा मोतीबिंदू वाढलाय, बारीक अक्षर दिसत नाही. सकाळी ओसरीवर ते पेपर मांडीवर घेऊन बसतात, मथळे स्वतः वाचतात आणि जिल्ह्याचं पान माझ्यापुढं करतात. शाळेला निघायच्या आधी मी ते वाचून दाखवतो, वार्ताहराचं नाव सुद्धा, कारण ते त्यांना ऐकायचं असतं. परवा 14 तारीख होती. वहीत ॲपच्या नावापुढं महिन्यात एकच नोंद निघाली. अण्णांनी कालनिर्णयाकडं पाहून विचारलं, "मग, भरायचे का ह्या बारीला?" मी ती नोंद वाचून दाखवली. ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "ते तेलाचं ज्यानं लिहिलं होतं, त्यानं लिहिलंय का हे?" मी नाव पाहिलं. त्यानंच लिहिलं होतं. "मग भर," ते म्हणाले.